अर्धा वाडगा

घाटातून गाडीरस्ता नव्हता आणि सगळा माल माणसांच्या पाठीवरून वर चढायचा, त्या खूप खूप जुन्या काळातली ही गोष्ट. एका राज्याच्या टोकाला, घाटाच्या पायथ्याशी एक बाजारपेठ होती. पेठेत दुकानं होती, धर्मशाळा होती, आणि दारूचे गुत्ते तर दुकानांहून जास्त होते. ज्याची पाठ धड तो हमाली करायचा. ज्याची पाठ गेली तो गुत्त्यात बसायचा, आणि गुत्त्यानं घर गिळलं की बाजाराच्या ओसरीत झोपायचा.

पेठेच्या कडेला एक लहानसं दगडी प्रार्थनामंदिर होतं. क्रूस लाकडाचा, घंटा छोटी, मंडळी मूठभर. पण तिथल्या म्हाताऱ्या पाळकांनी एक नेम धरला होता. रोज दुपारी मंदिराच्या दाराशी चूल पेटायची, आणि जो येईल त्याला हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं मिळायचं. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, कालची रात्र कुठे काढली तेही विचारायचं नाही.

रीत एकच होती. वाडगा दोन्ही हातांत धरून सगळ्यांनी उभं राहायचं, आणि पाळकांची आभाराची प्रार्थना संपली की मगच तो तोंडाला लावायचा. पाळक मोठे भाविक होते. त्यामुळे प्रार्थना काही आखूड नसायची.

माडगं शिजवायची आणि वाढायची एक विधवा बाई. तिला सगळे मावशी म्हणत. मावशीचा वाडगा काठोकाठ भरलेला असायचा, अगदी बोट बुडवायला जागा नाही असा. "देवाच्या दारात अर्धंमुर्धं काही मिळत न्हाई," ती म्हणायची. मग रांगेतला कुणीतरी म्हणायचा, "मावशी, तुझ्या हाताला चव हाय." तेवढ्यावर तिचा दिवस सोन्याचा व्हायचा.

लहानांनो, तुम्हाला कुणी शाबास म्हटलं की कसं वाटतं? मोठ्यांनो, तुम्ही गालात हसू नका. तुम्हालाही तसंच वाटतं.

मंदिरासमोर एक चिंच होती. काही माणसं त्या चिंचेखाली बसून लांबूनच चुलीकडे बघत राहायची. ती गुत्त्यातली माणसं होती. मावशी त्यांना हाका मारायची, पण ती उठायची नाहीत. "एवढा माज?" मावशी म्हणायची. "भूक लागली की येतील."

एकदा त्यांच्यातला एकजण आला. तो हमाल होता. कधीकाळी गुळाच्या दोन ढेपा पाठीवर घेऊन घाट चढायचा, असं लोक सांगत. आता त्याच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. मावशीनं त्याला काठोकाठ वाडगा दिला. प्रार्थना सुरू झाली. हमालाचे हात थरथरू लागले, माडगं त्याच्या मनगटावरून, कोपरावरून खाली ओघळलं, आणि प्रार्थना संपेपर्यंत वाडगा निम्मा झाला.

"अन्न सांडतोस?" मावशी सगळ्यांदेखत ओरडली.

हमालानं वाडगा खाली ठेवला आणि तो निघून गेला. पाळकांनी त्याला ओढ्याकाठी गाठलं, समजावून परत आणलं आणि मंदिराची भांडी घासायचं काम दिलं. तो भांडी घासत राहिला. दारू सुटायला जे दिवस लागतात ते त्यानं त्या भांड्यांच्या ढिगाआड काढले. त्याच्या हातांची थरथर हळूहळू थांबली.

पुढे मावशीचा खांदा धरला. पाळक हमालाकडे बघत म्हणाले, "तुम्ही शिजवा. वाढायची पळी काही दिवस याच्याकडे द्या."

मावशीनं पळी दिली. आता गंमत बघा. हमाल दाराशी उभा राहिला आणि आठवड्याभरात चिंचेखालची सावली रिकामी झाली. न उठणारी माणसं उठून रांगेत उभी राहिली. रांग दुप्पट झाली. ज्या कामासाठी मावशीनं इतकी वर्षं धूर खाल्ला, ते काम खरं म्हणजे आता कुठे फळाला आलं होतं.

आणि मावशीच्या पोटात दुखू लागलं.

ती चुलीपाशी बसून धुरातून बघायची. लोक हमालाशी हळू आवाजात बोलायचे. तो कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा. माडगं तिनं शिजवलेलं, पण "दादा, बरं वाटलं" हे शब्द त्याच्या वाट्याला. तिला वाटायचं, काल माझ्याच वाडग्यातलं सांडणारा हा, आज माझ्या जागेवर उभा! तिला जेवण गोड लागेना. रांगेत कुणी हसलं तरी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवापुढे गुडघे टेकायची, पण डोळे मिटले की तिला पळी दिसायची.

मत्सर एकदा डोळ्यांत शिरला की माणूस दुसऱ्याची चूक शोधत बसतो, आणि शोधणाऱ्याला ती सापडतेच. मावशीला सापडली. हमाल कित्येकांचा वाडगा अर्धाच भरत होता. प्रार्थना संपून पाळक आत गेले की तो पातेलं घेऊन पुन्हा फिरायचा आणि त्यांना पुन्हा वाढायचा. मावशीनं मनाशी म्हटलं, "बघा लबाडी! लोकांनी दोनदा दादा दादा करावं म्हणून दोनदा वाढतोय."

ती पाळकांकडे गेली. "बाबा, तुमच्या मंदिरात आता अर्धा वाडगा मिळतो. प्रार्थनेच्या वेळी एकदा डोळे उघडून बघा. उरलेलं कुठं जातं, देव जाणे. त्याची जुनी वाट तुम्हाला ठाऊकच हाय."

ती खोटं बोलली नव्हती. अर्धंच खरं बोलली होती, आणि ते खोट्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी वाडगे पाहिले. त्यांनी हमालाला सगळ्यांसमोर विचारलं, "हा वाडगा अर्धा का?" बाजूला घेऊन विचारायला हवं होतं, पण चुकतं कधी कधी भल्या माणसांचंही.

हमालानं तोंड उघडलं. मग त्याची नजर रांगेतल्या हातांवर गेली. ते हात अर्धा वाडगा छातीशी धरून उभे होते. कारण सांगायचं तर त्या हातांकडे बोट दाखवावं लागलं असतं. त्यानं तोंड मिटलं. रांगेतलं कुणीही बोललं नाही. आपले हात चारचौघांत कोण उघडे करणार?

"देवाच्या दारात हात आखडता नको," पाळक खिन्न होऊन म्हणाले. "पळी मावशींकडे द्या."

हमालानं पळी पुसली आणि मावशीच्या हातात ठेवली. "मावशी," तो हळूच म्हणाला, "या दारात उभा ऱ्हायलो की मला गुत्त्याची वाट आठवत न्हाई. वाढू नका देऊ, पर भांडी तरी घासू द्या."

भांड्यांचं काम पाळकांनी काढून घेतलंच नव्हतं. मावशीनं एवढं सांगितलं असतं तरी तो राहिला असता. ती म्हणाली, "भांडी आता माझी मी बघीन."

तो गेला, आणि या वेळी ओढ्याकाठी सापडला नाही.

मावशी पुन्हा दाराशी उभी राहिली. वाडगे पुन्हा काठोकाठ भरले. प्रार्थना सुरू झाली की इकडे तिकडे माडगं सांडायचं, कुणीतरी मान खाली घालून निघून जायचं. रांग निम्मी झाली. चिंचेखाली पुन्हा माणसं बसू लागली. मावशी म्हणायची, "त्यानं बिघडवून ठेवलेत." पण शाबासकी पुन्हा तिचीच होती, आणि पहिले काही दिवस तिला झोप चांगली लागली.

मग मावशीला हिवताप आला. ताप उतरला तरी अंगातलं कापरं जाईना. एक हात दुसऱ्यानं धरून ठेवावा तर दुसराही कापायचा. मंडळीतल्या एका घरच्या सुनेनं चूल सांभाळली. घरात एकट्या पडलेल्या मावशीला शेवटी भुकेनं उठवलं, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिली.

सुनेनं तिला मोठ्या आदरानं वाढलं, तिनंच शिकवलं होतं तसं, काठोकाठ.

प्रार्थना सुरू झाली. मावशीनं वाडगा घट्ट धरला. जितका घट्ट धरावा तितका तो हलू लागला. गरम माडगं बोटांवर आलं, मनगटावरून ओघळलं, लुगड्यावर पडलं. एक लहान मुलगी खुदकन हसली. मावशीला मान वर करवेना. भाजल्याचं दुःख नव्हतं. आपल्याकडे सगळे बघताहेत, याचं होतं.

तेव्हा तिला अर्धा वाडगा कळला. चिंचेखालचा माज कळला. हमाल गप्प का राहिला तेही कळलं, आणि तिला रडू कोसळलं.

तिनं पाळकांना तिथंच सगळं सांगितलं, आपलं पोटदुखणं सुद्धा. मग झाकणाच्या गडूत माडगं आणि बरोबर एक वाडगा घेऊन ती गुत्त्यांच्या गल्लीत शिरली. शेवटच्या गुत्त्याच्या भिंतीशी हमाल बसला होता. तो प्यालेला होता. पुष्कळ दिवस पीत आला होता. त्याचे हात पहिल्यासारखे, किंबहुना जास्तच कापत होते.

मावशी त्याच्यासमोर मातीत बसली. कापऱ्या हातांनी तिनं वाडग्यात ओतलं आणि मध्येच थांबली.

हमालानं वाडग्यात पाहिलं. "अर्धाच, मावशी?"

"अर्धाच. धर," ती म्हणाली. "मागनं पुन्हा वाढते."

त्यानं वाडगा दोन्ही हातांत धरला. थेंबही सांडला नाही.

त्याला पुन्हा उभं राहायला फार वेळ लागला. पळी परत त्याच्या हाती आली, आणि पाळकांनी प्रार्थना आखूड केली. चिंचेखालची माणसं एकेक करून परत आली, पण सगळी नाही. त्यांच्यातला एक म्हातारा घोंगडीवाला मधल्या थंडीत, पेटत्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर, उपाशी मेला होता. त्याला परत बोलवायला मावशीकडे काही उपाय नव्हता.

मत्सर काही एका दुपारीत मरत नाही. रांगेतून "दादा" अशी हाक आली की मावशीच्या पोटात अजूनही बारीक दुखायचं. मग ती चिंचेकडे बघायची, घोंगडीवाल्याच्या रिकाम्या जागेकडे, आणि मुकाट्यानं चुलीत लाकूड सारायची.

बोध एवढाच: ज्याला भुकेल्याच्या पोटापेक्षा आपला वाढणारा हात मोठा वाटतो, त्याच्या दारातून भुकेला उपाशीच परत जातो.