टिचकीचा दाणा आणि लाल स्विच

एवढीशी उंदरी. नाव तिचं टिचकी. शेपटी लांब, कान गोल, आणि दात? असे धारदार, की विचारू नका!

टिचकीला सापडला मक्याचा दाणा. पिवळाधमक, टप्पोरा. एकच होता, पण दिवसभर पुरला असता. टिचकी तो ढकलत घरी निघाली. गुडगुड गुडगुड.

वाटेत उभी होती हौसामावशीची गाडी. तीन चाकांची मोटारसायकल. पुढे एक चाक, मागे दोन चाकं, आणि वर पाण्याची पिंपं. रोज सकाळी मावशी तळ्यावर जायची आणि पाणी आणायची. फटफट फटफट!

काल होता दसरा. मावशीने गाडीची पूजा केली होती. कुंकू कालवलं चांगलं घट्ट. हँडलला लावलं. दिव्याला लावलं. आणि इंजिनच्या लाल स्विचला? बोटं भरभरून लावलं. थप्प!

आज मावशीने लाल स्विच दाबला. हलेना. अंगठा लाल होईपर्यंत दाबला. तरी हलेना.

"काल तर चांगला होता. आज काय धाड भरली याला?" मावशी म्हणाली.

तिने गाडी ढकलली. हुश्श! गाडी वीतभर सरकली, आणि चाक गेलं खड्ड्यात. धप्प!

खड्ड्यात काय होतं? टिचकीचा दाणा! नुकताच घरंगळत आत पडलेला. चाक वर, दाणा खाली. आता काय करायचं?

मावशी रुसून ओट्यावर जाऊन बसली. टिचकी नाही बसली.

"गाडी, गाडी, पुढे सर. माझा दाणा मोकळा कर!"

गाडी म्हणाली, "मी नाही जा! माझा लाल स्विच अडकला. फिटर आला तर हलेन."

टिचकीने शेपटी आपटली. फट्!
"रडायची नाही, दडायची नाही,
दाणा घेतल्याशिवाय सोडायची नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचकी गेली अन्वरचाचाकडे. चाचा गावचा फिटर. बिघडलेल्या गाड्या नीट करायचा.

"चाचा, चाचा, लवकर चला!
गाडी हलेना,
माझा दाणा निघेना!"

चाचा म्हणाला, "मी नाही जा! सकाळपासून चहा नाही. चहा मिळाला तर येईन."

टिचकीने शेपटी आपटली. फट्!
"रडायची नाही, दडायची नाही,
दाणा घेतल्याशिवाय सोडायची नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचकी गेली रखमाकाकूकडे. काकूची चहाची टपरी.

"काकू, काकू, चहा दे!
फिटर येईना,
गाडी हलेना,
माझा दाणा निघेना!"

काकू म्हणाली, "मी नाही जा! पातेल्यात दूध नाही. दूध आलं तर देईन."

टिचकीने शेपटी आपटली. फट्!
"रडायची नाही, दडायची नाही,
दाणा घेतल्याशिवाय सोडायची नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचकी गेली भुऱ्या शेळीकडे.

"शेळी, शेळी, दूध दे!
काकू चहा देईना,
फिटर येईना,
गाडी हलेना,
माझा दाणा निघेना!"

शेळी म्हणाली, "मी नाही जा! बेंऽऽ! माझ्या पोटात पाला नाही. पाला खाल्ला तर देईन."

टिचकीने शेपटी आपटली. फट्! फट्! आता दोनदा.
"रडायची नाही, दडायची नाही,
दाणा घेतल्याशिवाय सोडायची नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचकी गेली बोरीच्या झाडाकडे. पाय दुखले. कान तापले. पण गेली.

"बोरी, बोरी, पाला दे!
शेळी दूध देईना,
काकू चहा देईना,
फिटर येईना,
गाडी हलेना,
माझा दाणा निघेना!"

बोर म्हणाली, "मी नाही जा! माझी मुळं सुकली. पाणी आलं तर देईन."

"पाणी कोण आणतं?" टिचकीने विचारलं.

"हौसामावशीची गाडी," बोर म्हणाली. "रोज येते. आज नाही आली."

गाडी? टिचकी थांबली. मिशा हलल्या. एक, दोन, तीन.

"अरे वा रे वा! गाडी हलली तर पाणी, पाणी आलं तर पाला, पाला खाल्ला तर दूध, दूध आलं तर चहा, चहा मिळाला तर फिटर, आणि फिटर आला तर गाडी! म्हणजे सगळे बसून राहणार, आणि मीच पळत राहणार? जा! मला नको तुमचं कुणाचंच!"

टिचकीला असा राग आला, असा राग आला, की शेपटीची झाली काठी.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिचकी आली गाडीकडे. चाकावर चढली. सीटवर चढली. सरसर सरसर हँडलवर चढली. बघते तर काय? लाल स्विचच्या फटीत कालचं कुंकू! वाळून दगड झालेलं.

"अगं, अगं, खाली उतर!" गाडी ओरडली. "ते फिटरचं काम. तू एवढीशी!"

"एवढीशी तर एवढीशी!" टिचकी म्हणाली. "दात माझे आहेत ना?"

कुर्रम कुर्रम. कुर्रम कुर्रम. कुंकू गेलं वरचं. कुर्रम कुर्रम. कुंकू गेलं आतलं. मिशा लाल, नाक लाल. शी, चव कसली घाणेरडी! तरी कुर्रम कुर्रम.

मग टिचकीने मारली उडी स्विचवर. टुणकन! स्विच हलला. टक्क!

ते ऐकून मावशी ओट्यावरून धावत आली. सीटवर बसली. गाडी सुरू करायचं बटण दाबलं.

फट... फट... फटफट फटफट फटफट!

गाडी हलली! चाक खड्ड्यातून वर आलं. आणि खालून काय निघालं? दाणा! मातीने माखलेला, पण टप्पोराच. टिचकीने तो मिठीत घेतला. घट्ट.

मग काय विचारता?
गाडीने पाणी आणलं,
बोरीने पाला दिला,
शेळीने दूध दिलं,
काकूने चहा दिला,
आणि चाचाने तो पिला. भुर्रर्र!

चाचा आला. हातात पान्हा, खांद्यावर फडकं. "कुठाय तो स्विच? आण इकडं!"

"झाला नीट," टिचकी म्हणाली. तोंडात दाणा होता ना, म्हणून म्हणाली, "झाआ ईट!"

"कुणी केला?" चाचाने विचारलं.

टिचकीने दाणा खाली ठेवला. तिने फक्त दात दाखवले. लालेलाल!

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! माझंच कुंकू!" आणि अशी हसली, अशी हसली, की पिंपातलं पाणी डुचमळलं.

पुढच्या वर्षी पुन्हा दसरा आला. चाचाने पान्ह्याची पूजा केली. काकूने किटलीची केली. ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा.

मावशीने गाडीला कुंकू लावलं. हँडलला लावलं. दिव्याला लावलं. लाल स्विचला? छे छे! बोटसुद्धा नाही!

मग मावशी खाली बसली. तिने हाक मारली, "टिचके, ये गं बाई. दाखव तुझं हत्यार."

टिचकी आली तुरुतुरु. आऽऽ केला. मावशीने दातांवर झेंडूची एक पाकळी ठेवली, कपाळाला कुंकवाचा टिपका लावला, आणि समोर ठेवलं मक्याचं अख्खं कणीस.

टिचकी म्हणाली, "हे सगळं माझं?"

"तुझंच," मावशी म्हणाली.

कुर्रम कुर्रम. कणीस संपलं, गोष्ट संपली. आता तू आऽऽ कर बघू. तुझं हत्यार दाखव!