मंगळामागचा उजेड

एका राज्यात अंधाराला बंदी होती. कालंजन मांत्रिकाचे शाप अंधारातून येतात, अशी तिथल्या लोकांची समजूत. म्हणून घरोघर रात्रभर दिवे जळत. तरी शाप आलाच. राजकन्या हेमलेखा पायांपासून शिळा होऊ लागली.

राजवाड्याच्या सज्ज्यावर पिंगळा, छोटे घुबड, येऊन बसला आणि बोलला, "आज मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आहे. त्याच्या मागे एक फिकट उजेड असतो. मध्यरात्री कालंजन येईल, त्याला तो उजेड बोटाने दाखवा. चुकलात तर राजकन्या कायमची शिळा."

वृद्ध राजज्योतिषी विश्वधर हात जोडून म्हणाला, "महाराज, माझी नजर अधू. चुकलो तर?"

"आचार्य, दुसरे कोण आहे?"

पहिले काम, दिवे विझवणे. "म्हातारा आमच्या मुळावर उठलाय!" लोक ओरडले. तेव्हा राजाने देवघरातली समई स्वतः शांत केली. मग नगर काळोखात बुडाले.

दुसरे काम, डोळे अंधाराला सरावणे. विश्वधर डोळ्यांवर पट्टी बांधून अंगणात बसला. कानाशी राजकन्येचा आवाज रडला, "आचार्य, पट्टी सोडा, मशाल आणा! गळ्यापर्यंत दगड आला!" आवाज तिचा होता, दिशा तिची नव्हती; ती मागे राजाजवळ होती. तो हलला नाही.

मध्यरात्री त्याने पट्टी सोडली. माथ्यावर मंगळ निखाऱ्यासारखा. त्याच्या तेजात दुसरे काहीच दिसेना. विश्वधराने डाव्या अंगठ्याने मंगळ झाकला आणि नजर किंचित बाजूला नेली. सांडलेले दूध पुसल्यावर फरशीवर उरावा, तसा पांढुरका डाग दिसला. त्याने उजवे बोट उचलले.

समोर कालंजन उभा होता. "तिथे? नीट, सरळ बघून सांग."

विश्वधराने सरळ पाहिले. काहीच नव्हते. मागून राजाचा हुंदका आला. राजकन्येचे ओठ करडे झाले होते.

त्याने नजर पुन्हा बाजूला नेली. "सरळ पाहिले की तो विरतो. आता पाहणार नाही."

"खात्री आहे तुला?"

"नाही," विश्वधर म्हणाला. "पण बोट तिथेच आहे."

कालंजन वाळल्या मडक्यासारखा तडकला आणि त्याची माती झाली. शाप सुटला. नगरात माणसे उंबऱ्याबाहेर येऊन वर पाहू लागली.

विश्वधर मात्र तसाच, बोट वर, डोळे बाजूला. शेवटी हेमलेखा चालत आली आणि तिने त्याचा हात धरून खाली आणला.