तिसऱ्या वळणावरची शिट्टी

एकदा एक गाडी घाटात मंद झाली, आणि तिच्या मंदपणाची शिक्षा एका माणसाला होण्याची वेळ आली. गाडी एका सेवा मंडळाची, बारा माणसांची व्हॅन. घाटाखालच्या गावांतल्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी घाटावरच्या रुग्णालयात न्यायचे आणि दुपार कलली की घरी आणून सोडायचे, हे तिचे काम. बावीस वर्षांत मंडळाच्या गाड्या तीनदा बदलल्या, चालक मात्र तोच राहिला. त्याचे नाव दत्ताराम घाग.

घाटाच्या पायथ्याशी एक गॅरेज होते आणि त्याचा मालक एक वृद्ध मिस्त्री होता. त्याचे नाव कुणी घेत नसे, सगळे मिस्त्रीच म्हणत. गॅरेजच्या दारात एक काळी पाटी टांगलेली असे. गाडी घेऊन येणारा जे बोलेल ते त्या पाटीवर त्याच्याच शब्दांत उतरवायचे, असा मिस्त्रींचा दंडक होता. कुणी म्हणाला की गाडी सकाळी खोकते, तर पाटीवर तसेच लिहायचे. गिऱ्हाइकांना त्याची गंमत वाटे आणि मिस्त्रींचा शिष्य निनाद चाळके याला लाज वाटे. निनाद तिशीतला, पदविका घेतलेला, हाताने कुशल. गाडीतला बिघाड पडद्यावर दाखवणारा नवा स्कॅनर आणण्याचा आग्रह त्याचाच होता.

त्या वर्षी मिस्त्रींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि महिनाभर गॅरेज निनादच्या हाती आले. त्याच महिन्यात दत्ताराम गाडी घेऊन आला.

"निनादभाऊ, रिकामी असली की ही काही करत नाही," तो म्हणाला. "पेशंट भरलेले असले नि तिसऱ्या वळणाचा चढ लागला, की आधी बारीक शिट्टी वाजते. मग पिवळा दिवा लागतो नि गाडी पार गळाठते. पाय कितीही दाबा, विसाच्या वर जात नाही. बंद करून पाच मिनिटं थांबलो की पुन्हा धावते, पुढच्या चढापर्यंत."

निनादने पाटीवर लिहिले, 'पिकअप कमी'. मग त्याने स्कॅनर जोडला. पडद्यावर बिघाडाचा कोड आला, इंजिनाला मिळणाऱ्या हवेचा दाब अपुरा. हल्लीच्या गाड्यांची ही रीत निनादला पाठ होती. आत काही बिघडले की गाडीतला संगणक स्वतःच इंजिनाची ताकद आखडून घेतो, म्हणजे इंजिन जळत नाही आणि गाडी रखडत का होईना मुक्कामी पोहोचते. याला लिम्प मोड म्हणतात. परीक्षेत त्याने याचे उत्तर अचूक लिहिले होते. आता त्याने कोड पुसला. पिवळा दिवा विझला. एसटी स्टँडपर्यंतच्या सपाट रस्त्यावर त्याने एकट्याने गाडी पळवून पाहिली आणि ती झकास पळाली.

दिवा विझवून गाडी ताब्यात द्यायची, ही आता त्या बाजारपेठेतल्या सगळ्याच गॅरेजांची रीतभात झाली होती. दिवा जळता ठेवून गाडी दिली तर काम अर्धवट वाटते, गिऱ्हाईक नाराज होते. दिवा कशाने लागला हे शोधायला दिवस जातो आणि पुसायला एक बोट पुरते. मग शोधतो कोण?

आठ दिवसांनी दत्ताराम पुन्हा आला. या वेळी निनादने एक सेन्सर काढून साफ केला, कोड पुन्हा पुसला आणि सपाट रस्त्यावर पुन्हा चक्कर मारली.

"आणि शिट्टीचं काय?" दत्तारामने विचारले.

"शिट्टी स्क्रीनवर येत नाही, दत्तारामदादा," निनाद हसून म्हणाला.

त्यानंतरच्या गुरुवारी गाडी रुग्णालयात दोन तास उशिरा पोहोचली. सुलोचनाबाई नावाच्या एक वयस्क रुग्ण धाप लागून निळ्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना वाचवले, पण त्यांच्या मुलाने मंडळाकडे तक्रार केली. ती रास्तच होती. मंडळाचे अध्यक्ष मनोहरशेठ रेडीज यांनी चौकशी केली. चौकशी म्हणजे काय, तर गाडी घाटात एका टपरीपाशी थांबलेली असते, असे दोघातिघांनी पाहिले होते, तेवढे त्यांनी ऐकून घेतले. चालकाचे वय झाले, त्याला कामाचा कंटाळा आला, तो रुग्णांना गाडीत तळमळत ठेवून चहा पितो, असा निष्कर्ष निघाला. बावीस वर्षे ज्याने माणसे उचलून गाडीत बसवली, त्याला एकदा बोलावून काय झाले ते विचारावे, एवढी साधी माणुसकी त्या टेबलाभोवती बसलेल्या सात जणांपैकी एकालाही सुचली नाही. अशा सज्जनांचा राग येऊ नये तर कोणाचा यावा?

दत्तारामला काढून टाकायचे ठरले. फक्त एक कागद हवा होता. तो घेऊन मनोहरशेठ मंडळाच्या दोन सदस्यांसह गॅरेजवर आले. कागदावर आधीच टाइप केलेले होते की सदर गाडी तपासली असता तिच्यात कोणताही दोष आढळला नाही. खाली निनादची सही तेवढी बाकी होती.

दत्तारामने सकाळीच गाडी तिसऱ्यांदा आणून लावली होती, आणि निनादने सवयीने आधी कोड पुसून टाकला होता. आधी पुसायचे आणि मग बघायचे, असा त्याचा हात बसला होता. शेठजींच्या देखत त्याने स्कॅनर जोडला. पडदा स्वच्छ होता.

"बघा," शेठ सदस्यांना म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही."

दत्ताराम भिंतीला टेकून उभा होता. त्याने निनादकडे पाहिले. निनादने पेनचे टोपण काढले. त्याच्या मनात कुठेतरी टोचले, नाही असे नाही, पण त्याने स्वतःची समजूत घातली की कागदावर लिहिलेले या घटकेला तरी खरे आहे. खोटेपणा बहुधा असाच शिरतो, या घटकेपुरते खरे असलेले एखादे वाक्य पुढे करून.

तेवढ्यात रिक्षातून मिस्त्री उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी. त्यांनी सगळे ऐकून घेतले, निनादच्या हातातून कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि बॉनेटला हातही न लावता म्हणाले, "शेजारच्या भात गिरणीतून सहा पोती आणून मागे टाक."

"मिस्त्री, पोती कशाला?" निनाद म्हणाला. "मी दोनदा चालवून बघितली आहे."

"पोती आण."

पोती आली. मग मिस्त्रींनी दोन्ही सदस्यांना आत बसवले, निनादला बसवले, दत्तारामला सर्वांत मागे, रुग्णांच्या बाकावर बसायला सांगितले. किल्ली त्यांनी मनोहरशेठच्या हातात दिली.

"मी?" शेठ म्हणाले. "मी कशाला चालवू?"

"गाडीत दोष नाही असं तुम्ही म्हणता. मग चालवायला काय हरकत आहे?"

इतक्या लोकांसमोर नाही म्हणणे शेठजींना अवघड गेले. ते चरफडत स्टिअरिंगमागे बसले. मिस्त्री मधल्या बाकावर बसले आणि चष्म्याआड डोळे मिटून घेतले. निनादला त्या म्हाताऱ्याची विलक्षण चीड आली. महिनाभर गॅरेज आपण सांभाळले, आणि हे आल्या आल्या चार माणसांत आपल्याला हमाल करतात, असे त्याला वाटले.

पहिले वळण सहज गेले. दुसऱ्या वळणाला शेठ म्हणाले, "बघा, कशी पळते आहे." तिसऱ्या वळणाचा चढ लागला आणि कुठूनतरी शिट्टी ऐकू आली. बारीक, लांब, किटलीतून वाफ सुटल्यासारखी. लगोलग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी गळाठली.

शेठनी पाय दाबला. मग आणखी दाबला. काटा विसावर थरथरत राहिला. मागे ट्रकची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. एक एसटी बाजूने पुढे गेली, तिच्या खिडकीतून कुणीतरी ओरडले, "काका, झोपलात का?" शेठजींच्या कानशिलावरून घाम ओघळू लागला.

"शेठ," मागून मिस्त्रींनी डोळे न उघडता विचारले, "चालवायचा कंटाळा आला का?"

रस्त्याच्या कडेला जरा रुंद जागा दिसली तिथे शेठनी गाडी घेतली आणि बंद केली. गाडी थांबवता येईल अशी त्या चढावर तेवढीच जागा होती. तिथे एक चहाची टपरी होती. टपरीवाली बाई लगबगीने पाण्याची कळशी घेऊन आली आणि आत डोकावली. "दत्तारामभाऊ, आज पेशंट कुठे आहेत? त्या सुलोचनाआजी बऱ्या आहेत ना? त्या दिवशी तुम्ही पदराने वारा घालायला लावलात मला, घरी जाऊन झोप नाही लागली."

शेठजींनी मान वळवून मागे पाहिले, पण दत्ताराम खिडकीबाहेर दरीकडे बघत होता.

"मग यंत्रावर काहीच कसं दिसलं नाही?" शेठ अखेर तडकून म्हणाले. "मला सांगितलं गेलं, गाडीत दोष नाही. मी काय ज्योतिषी आहे?"

मिस्त्री गप्प राहिले. निनादला कळले की ते मुद्दाम गप्प आहेत. गप्प बसायचे तर आत्ता त्यालाही बसता आले असते. यंत्र कधीकधी दगा देते, असे एक वाक्य पुरले असते.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "तिन्ही वेळा दिसलं होतं. मी पुसलं. आज सकाळीसुद्धा."

"का?"

"दिवा विझवून गाडी दिली की बरं दिसतं."

मिस्त्री खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडायला लावले आणि निनादच्या हातात फडके दिले. "टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप. खालच्या अंगाने चाचप."

निनादने गरम पाइपाखाली हात घातला. दोन बोटे लांबीची एक चीर हाताला लागली. इंजिन शांत असताना तिच्या कडा मिटलेल्या होत्या. भरलेली गाडी चढाला लागली, आत हवेचा दाब वाढला, की त्या उघडत आणि हवा शिट्टी वाजवत निसटून जात असे. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी शंभर वेळा पळवली असती तरी ती चीर उघडली नसती.

मग मिस्त्री बोलले. आवाज चढवला नाही, पण तो संतापाने कापत होता. "ही गाडी मंद झाली ती आळसाने नव्हे, निनाद. आत जखम झाली म्हणून ती जपून चालू लागली, आणि दिवा लावून तसं सांगूही लागली. तू तिची जखम पाहिली नाहीस, तिचं तोंड मिटवलंस. तीनदा. शेठ, तुम्हीही तेच केलंत. हा माणूस घाटात थांबत होता तो पेशंटना वर पोहोचवण्यासाठी थांबत होता, आणि तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत टेबलाशी बसून. ओझ्याखाली उघडणारी जखम ओझ्याखालीच बघावी लागते. ज्याच्या पाठीवर ओझं नाही त्यानं सपाट रस्त्यावर उभं राहून, याला काही झालेलं नाही, असं म्हणू नये. आणि लिहून तर मुळीच देऊ नये."

खिशातला कागद काढून त्यांनी शेठजींच्या हातात ठेवला. शेठनी तो उघडला नाही. चारदा घडी घालून मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने किल्ली दत्तारामपुढे धरली. "दत्ताराम, घे. उतारावर तूच चालव."

दत्तारामने किल्ली लगेच घेतली नाही. "शेठ," तो म्हणाला, "त्या दिवशी सुलोचनाबाई म्हणत होत्या, दत्ताराम, मला इथे रस्त्यावर मरू देऊ नकोस. मी किल्ली फिरवत होतो नि देवाचं नाव घेत होतो. रात्रीचं जेवण गेलं नाही मला. तुमच्यातल्या एकानं विचारलं असतं, दत्ताराम काय झालं, तर मी एवढंच सांगितलं असतं."

"चुकलं," शेठ म्हणाले. हा एकच शब्द उच्चारायला त्यांना बराच वेळ लागला. दत्तारामने किल्ली घेतली, कारण दुसऱ्या दिवशी अकरा रुग्ण वाट बघत उभे राहणार होते आणि पाइप त्याआधी बदलून व्हायला हवा होता.

कुणी एकाएकी संथ झाला, घरात असो की कामावर, तर त्याचा पिवळा दिवा विझवण्याआधी तो काय उचलून कोणता चढ चढतो आहे हे विचारावे, एवढाच या गोष्टीचा उपयोग आहे.

दुपारी नवा पाइप बसवून झाल्यावर निनाद हात न धुताच पाटीपाशी गेला. 'पिकअप कमी' हे शब्द अजून तिथेच होते. ते पुसून त्याने खडू घेतला आणि दत्तारामला हाक मारली.

"दत्तारामदादा, पहिल्या दिवशी सांगितलंत ते पुन्हा सांगा. सावकाश."

दत्तारामने सांगितले. मिस्त्री काळ्या चष्म्याआडून ऐकत होते. निनाद एकेक शब्द लिहीत गेला आणि मध्येच थांबला.

"आधी काय, दिवा की शिट्टी?"

"शिट्टी," दत्ताराम म्हणाला. "मी तेच तर सांगत होतो."

निनादने मान खाली घातली आणि तसेच लिहिले.