मोरीचं पांढरंशुभ्र लोणी

डोंगरावरच्या झोपडीत सगू नावाची छोटुकली मुलगी आप्पांबरोबर राहायची. मोरी नावाची म्हैस हीच त्यांची सगळी श्रीमंती! पण खालच्या गावाला दुकानातल्या पिवळ्याधमक लोण्याचं वेड लागलं होतं. सगूच्या पांढऱ्या लोण्याला कुणी विचारीना. "उद्या मोरीला बाजारात नेतो, पोरी," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. सगूचं इवलंसं काळीज चरकलं.

ती दह्याचं मडकं घेऊन रानातल्या गार झऱ्याकाठी गेली. झाडाच्या बुंध्याशी रवी अडकवली, दोरी गुंडाळली आणि घुसळू लागली. घर्रर्र, घुर्रर्र! शुभ्र फेस सोनेरी उन्हात चमचमला आणि त्यातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. निळे निळे पंख, मोत्यांचा मुकुट आणि नाकाच्या शेंड्यावर चक्क ताक!

"सगूबाळा, एक इच्छा माग. पण लोण्याचा गोळा वर येईपर्यंत दोरी थांबवायची नाही हं."

"मोरी आमच्याकडेच राहू दे!"

लोण्याचे कण तरंगू लागले, एवढ्यात धप्पकन आवाज झाला. गावातली शेवंताआजी मोळीसकट झऱ्यात घसरली होती. दुकानातलं लोणी सगळ्यात आधी घरी आणणारी हीच बरं का! सगूने मडक्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तरी तिने दोरी सोडली आणि आजीला बाहेर ओढलं. परी दिसेनाशी झाली.

"रडतीस का गं बाय?" आजीने विचारलं. सगूने सगळं सांगून टाकलं. आजी ओशाळली. मग तिने पदर खोचला आणि दोरीचं एक टोक धरलं. "दुसरं तू धर. मी नि माझी भैन अशाच घुसळायचो."

दोघींनी मिळून लोणी काढलं. आजीने बोटभर चाखलं आणि डोळे मिटून बोट पुन्हा चाटलं. मग पानावर गोळा घेऊन ती गावात गेली आणि घरोघरी भाकरीवर वाढत सुटली.

सकाळी आप्पा मोरीला घेऊन निघाले, तर समोरून बायका वाट्या घेऊन डोंगर चढत होत्या. "सगू, आमच्या घरी रोज तुझंच लोणी हवं गं!"

सगू धावत झऱ्याकडे गेली. "परीताई, तू किती चांगली आहेस!"

"मी नाही गं," झऱ्याच्या फेसातून वर येत परी हसली. "दोरी थांबली तिथेच माझी जादू संपली. हे सगळं तू केलंस." लख्ख प्रकाश पडला आणि त्यात परी नाहीशी झाली.

वर झोपडीपाशी आप्पा मोरीला परत गोठ्यात बांधत होते.