न सरणाऱ्या तीन क्रियापदांचा शाप

एका राज्यात एकदा असे झाले, की घडू लागलेले सरेनाच.

त्याचे कारण दुर्घोष नावाचा मांत्रिक. तो बोलकी पाखरे पिंजऱ्यात उपाशी कोंडी. राजा सुरथाने ती सोडवली आणि दुर्घोषाला सीमेपार हाकलले. हा मांत्रिक समुद्रापलीकडून इंग्रजी शिकून आला होता. जाता जाता त्याने त्याच भाषेतली तीन क्रियापदे उच्चारली. धान्याच्या कोठाराकडे पाहून ‘बर्न’ म्हटले, कोठार पेटले. सरोवरातल्या नावेकडे पाहून ‘सिंक’ म्हटले, नाव बुडू लागली. मग राजाकडे वळून ‘हर्ट’ म्हटले आणि राजाच्या छातीत कळ उठली.

वर्ष लोटले. कोठार जळतच होते, पण त्याची राख होत नव्हती. नाव बुडतच होती, पण तळाला जात नव्हती. तिच्यातल्या आठ नावाड्यांच्या ओठांशी पाणी होते, त्यांना मरणही येईना. राजा अहोरात्र कण्हत होता.

महामंत्री देवदत्ताने पोथ्या चाळल्या. क्रियापद भूतकाळात नेले की शाप सरतो, आणि इंग्रजीत शेवटी ‘एड’ जोडले की भूतकाळ होतो, एवढे त्याला कळले. कोठारासमोर उभे राहून तो ‘बर्न्ड’ म्हणाला. आग विझली. तसाच तो सरोवराकडे गेला आणि ‘सिंक्ड’ म्हणाला. पाण्यातून हातासारखी लाट आली, तिने वृद्ध महामंत्र्याला ओढून नेले. आता नावेत नऊ डोकी दिसू लागली.

त्यानंतर कोणी तोंड उघडेना. राजकन्या हेमप्रभा पित्याच्या उशाशी बसून होती. तिच्याकडे एक साळुंकी आली. दुर्घोषाच्या पिंजऱ्यातून सुटलेली ती पक्षीण सांगू लागली, की त्या भाषेत सारी क्रियापदे एका नियमाने चालत नाहीत. काहींना शेपूट लागते, काहींचा पोटातला स्वर बदलतो. ‘सिंक’चे ‘सँक’ होते. जो चुकतो, तो शापात ओढला जातो.

“मग तूच उच्चार,” राजकन्या म्हणाली.

“पाखराच्या मुखी मंत्र फळत नाही.”

राजकन्या सरोवराशी गेली. देवदत्ताची पत्नी सुमेधा तिथे पाण्यात पाय सोडून बसली होती. राजकन्येने तिला खरे तेच सांगितले. नाव बुडून गेली, तर कोण वर येईल हे ठाऊक नाही.

“त्यांचे बुडणे संपव,” सुमेधा म्हणाली. “माझ्याने बघवत नाही.”

राजकन्येने कसाबसा शब्द उच्चारला, “सँक.”

नाव सरळ तळाला गेली. आठ नावाडी हातपाय मारीत वर आले. नववे डोके वर आले नाही.

आता राजा उरला. साळुंकीने सांगितले, की हे क्रियापद भूतकाळातही बदलत नाही. ‘हर्ट’चे ‘हर्ट’च राहते. नुसते उच्चारले तर शापाला काळ कळणार नाही, कळ दुप्पट होईल. काळ दाखवणारा शब्द सोबत हवा. त्या भाषेत कालच्या दिवसाला ‘यस्टरडे’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी राजकन्येने पित्याचा हात धरला. राजाने डोळ्यांनीच नको नको म्हटले.

“हर्ट,” ती म्हणाली.

राजाचे शरीर धनुष्यासारखे वाकले. त्याच्या तोंडून जो स्वर निघाला, तो ऐकून दाराशी उभे असलेले पहारेकरी पळाले. राजकन्येला पुढचा शब्द आठवेना. राजाची बोटे तिच्या मनगटात रुतली, रक्त आले. साळुंकी पंख फडफडवीत होती, पण तिचा आवाज त्या किंकाळीत बुडाला. राजकन्येने डोळे मिटले आणि आदल्या दिवशीचे सरोवर, ती एकटी बसलेली सुमेधा आठवली.

“यस्टरडे.”

शरीर सैल पडले. तिने पित्याच्या छातीला कान लावला. आत काहीच नव्हते. मग एक ठोका पडला. मग दुसरा.

सीमेपार दुर्घोषाच्या जिभेवरून त्याच क्षणी सारी विद्या उतरली. पुन्हा त्याला एकही मंत्र साधला नाही.

राजाने डोळे उघडून प्रथम आपल्या मित्राची चौकशी केली. “देवदत्त कुठे आहे?”

“बुडाले, महाराज,” राजकन्या म्हणाली.

राजा रडला. बारा दिवस रडला. तेराव्या दिवशी त्याने सुमेधेच्या घरी जाऊन तेराव्याचे जेवण घेतले, आणि चौदाव्या दिवशी सकाळी तो दरबारात येऊन बसला.