लिंबाखालचा हात

"पण राहीआक्कानं जन्मात पट्टा धरलेला नाही, वस्ताद. मग उद्या मानाचा पट्टा तिच्या हाती का?"

नागोजीच्या कपाळावरचा गुलाल अजून तसाच होता. सकाळीच गडाच्या हवालदारांसमोर त्यानं एका दमात अकरा लिंबं चिरली होती, तीही माणसाच्या उघड्या तळहातावर ठेवलेली. लिंबाची दोन शकलं, कातडीला ओरखडा नाही. असा हात दहा वर्षांत पाहिला नाही, असं हवालदार स्वतः म्हणाले होते.

उद्या दसरा. सीमोल्लंघनाला सगळ्या तालमीपुढे तो पट्टा घेऊन चालायचं, यासाठी त्यानं सात वर्षं घाम गाळला होता.

कान्हू वस्ताद दांडपट्ट्याच्या लांब, लवचिक पात्याला तेल लावत होते.

"लिंबं कोणाच्या हातावर होती?"

"आक्काच्या. नेहमी तिच्याच तर असतात."

राहीआक्का, वस्तादांची थोरली बहीण, कोपऱ्यात बसून तीच चिरलेली लिंबं लोणच्यासाठी मिठात घोळवत होती. तिनं मान वर केली नाही.

वस्तादांनी पट्ट्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत चढवली.

"हात पुढे कर."

नागोजी हसला. त्यात काय मोठं? त्यानं तळहातावर लिंबू ठेवलं. पातं सणसणलं... आणि लिंबू घरंगळत उंबऱ्यापाशी गेलं. हात कधी मागे आला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

दुसऱ्यांदा त्यानं दात आवळले. लिंबू पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा तर पातं उचललंही नव्हतं.

वस्ताद रागावले नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

आक्का उठली. लिंबू उचलून पदराला पुसलं आणि हात सहज पुढे केला.

"आटप रे कान्हू. तिकडे मिठाला पाणी सुटतंय."

पातं फिरलं. दोन शकलं. आक्काची पापणीही लवली नाही.

शकलं खाली पडली तसा नागोजीला तो तळहात दिसला. अकरा लिंबं चिरली, पण खालचा हात त्यानं कधी पाहिलाच नव्हता. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक जुना, पांढरा वण.

"आक्का... हा वार कोण्या अडाण्याचा?"

आक्का भावाकडे बघून नुसती हसली.

वस्तादांनी पट्टा उतरवला. अख्ख्या मुलुखात नावाजलेला तो माणूस ताठ मानेनं म्हणाला,

"माझा. पहिलाच... दुसऱ्या दिवशी तिनं हाच हात पुढे केला."