तिसरी करवंटी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक म्हातारी अस्वलीण राहत असे. त्या उतारावर मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपे होती. थंडीत त्यांची फळे लाल झाली की ती वेचून वाळवायची, आतल्या बिया खापरावर भाजायची आणि दगडाने कुटायची. मुलांनो, ही कॉफी ती एकटी मात्र कधी पीत नसे. जंगलात कोणाचे भांडण झाले की दोघांना ती आपल्या चुलीपाशी बसवी आणि त्याच भुकटीत पुन्हा पाणी घालत तीन वेळा कॉफी उकळून नारळाच्या करवंटीतून देई. पहिली करवंटी गप्प बसून प्यायची, म्हणजे राग निवतो. दुसरीबरोबर तक्रार करणाऱ्याने बोलायचे. तिसरीबरोबर समोरच्याने उत्तर द्यायचे, आणि मग निवाडा. मधेच जो उठेल त्याचा हक्क गेला, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती.

एकदा एक कोल्हा उन्हाळाभर नदीपलीकडे राहून थंडीच्या तोंडाशी परत आला, तर त्याच्या बिळात अंगभर काट्यांची एक साळू, तिच्या पिल्लांसह!

"ओ काटेरी बाई, बाहेर निघा! माझं घर आहे हे."

"रिकामं होतं म्हणून शिरले. ओरडू नका हो, पिल्लं आत्ताच झोपलीत."

भांडण अस्वलिणीकडे गेले. पहिली कॉफी काळीभोर होती. कोल्ह्याने मिटक्या मारल्या. "वा आजी, अशी हवी कॉफी!"

"गप्प बसून पी," अस्वलीण म्हणाली.

दुसरी करवंटी हातात येताच कोल्हा सुरू झाला. "ते बीळ मी माझ्या नखांनी खणलंय. आता थंडी पडली. मी काय हिच्या काट्यांवर झोपू?"

वरच्या फांदीवर बसलेले एक माकड खिदळले. "खरं बोलतोय तो, आजी. खणताना सगळी माती माझ्याच अंगावर उडवली होती त्यानं."

साळू खाली मान घालून बसली होती. कोल्ह्याला वाटले, जिंकलो. अस्वलिणीने तिसऱ्यांदा पाणी घालून भांडे चुलीवर ठेवले. कोल्ह्याने आत डोकावून नाक मुरडले.

"ही कॉफी म्हणायची की भांडं विसळलेलं पाणी? माझं सांगून झालं, माकडानं साक्ष दिली. आता हिचं काय ऐकायचं? मी चाललो बीळ झाडायला."

"बस रे बाबा. तिचं उत्तर राहिलंय."

"ते तुम्हीच ऐका, आजी!" असे म्हणून तो शेपटी उडवत निघून गेला.

अस्वलिणीने साळूपुढे करवंटी ठेवली. "बोल."

"बीळ त्यांचंच आहे, आजी," साळू हळूच म्हणाली. "पिल्लं चालू लागेपर्यंत एका कोपऱ्यात राहू द्या, एवढंच मागणार होते. नाही म्हणाले असते, तर आजच निघाले असते."

अस्वलिणीने कोल्ह्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "ज्याला हे सांगायचं, तो उठून गेला. रीत मला मोडता येत नाही. बीळ तुझं. जा, पिल्लं एकटी आहेत."

कोल्हा पाल्याने बिळाचे तोंड झाडत होता. साळूकडून निवाडा कळताच तो धापा टाकत परत आला.

"आजी, हा अन्याय आहे! ते बीळ माझंच होतं!"

"हो," चुलीतला विस्तव विझवत अस्वलीण म्हणाली, "तीही तेच म्हणाली."

ती थंडी कोल्ह्याने एका कपारीत कुडकुडत काढली.

तात्पर्य : आपली बाजू खरी असली, तरी समोरच्याचे ऐकून होईपर्यंत उठू नये, आपल्याला हवे ते कदाचित तोच द्यायला बसलेला असतो.